सरासरीत सगळे सज्जन

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हटल्यावर तुम्हाला आजोबांच्या कपाटातला, कातडी पट्ट्याचा कॅमेरा आठवेल. मी तसा नाही. माझे वय उणेपुरे तीन वर्षांचे. पण रस्त्यावर उभे राहून, धूळ खाऊन आणि माणसांचे शहाणपण बघून मी अकाली म्हातारा झालो आहे. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खांबावर मी बसवलेला आहे. माझ्या खाली एक गोल पाटी आहे. लाल कडेच्या आत तीसचा आकडा. म्हणजे ही माणसांची वस्ती आहे, इथून ताशी तीस किलोमीटरपेक्षा जोरात जायचे नाही. ती पाटी सगळ्यांना दिसते, सगळ्यांना वाचता येते आणि तिचे कोणी ऐकत नाही. म्हणून तर मला आणले.

माझी जोडणी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात झाली. भिंग कुठून तरी परदेशातून आले होते, पेटी मात्र तिथल्याच पत्र्याची. सोनलताई नावाच्या इंजिनिअरने माझ्या तारा जुळवल्या. शेजारच्या टेबलावर हुबेहूब माझ्यासारखा आणखी एक कॅमेरा होता. आम्हाला बघायला आलेल्या एका साहेबांना ती सांगत होती, "हे दोघं जुळे आहेत. एकट्या एकाला काहीच कळत नाही. पहिला रस्त्याच्या सुरुवातीला गाडीचा नंबर आणि वेळ टिपणार, दुसरा शेवटाला. मध्ये एक किलोमीटर. गाडी दोन मिनिटांच्या आत पोचली, तर ती तीसच्या वर पळाली. साधं गणित आहे सर."

मला ते गणित फार आवडले. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि कॅमेरा गेला की पुन्हा उधळायचे, ही लबाडी आमच्यापुढे चालणार नव्हती. अख्ख्या रस्त्याचा हिशेब आम्ही दोघे भाऊ मिळून ठेवणार होतो. त्या कारखान्यातून निघाल्यावर मी भावाला पुन्हा पाहिलेले नाही. तो रस्त्याच्या सुरुवातीला, वळणापलीकडे असतो. त्याने टिपलेले नंबर माझ्याकडे येत राहतात. तेवढ्यावरून त्याचे बरे चालले आहे असे मी समजतो.

मला इथे आणण्यामागचे खरे कारण होती शकूआजी. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर तिचे घर आहे. पूर्वी त्या घरासमोर भाताची खाचरे होती, त्यांच्यामागे मिठागरे, आणि खाचरांच्या टोकाला गावदेवीचे छोटेसे देऊळ. मग खाचरांच्या जागी टॉवर उभे राहिले, मधून रस्ता गेला आणि देऊळ पलीकडे राहिले. आजीच्या घरात एक रीत आहे. संध्याकाळी घरच्या देव्हाऱ्यातल्या दिव्यावर वात पेटवायची आणि ती जळती वात ताटातून गावदेवीपर्यंत न्यायची. देवळात जाऊन काडी ओढलेली चालत नाही. वाटेत वात विझली तर परत घरी यायचे, पुन्हा पेटवायची, पुन्हा निघायचे. आजीला हे तिच्या सासूने शिकवले. सासूच्या काळी बांधावरून जाताना फक्त खाडीच्या वाऱ्याचा त्रास होता. आजीच्या वाट्याला गाड्यांचा झपाटा आला. एक गाडी अंगावरून सुसाट गेली की वात विझलीच. कधी कधी म्हातारी एकाच संध्याकाळी तीन-तीनदा घर गाठायची.

एके दिवशी तिचे हाल बघवेनात म्हणून तिचे यजमान रघूआजोबा वातीला आडोसा धरायला तिच्याबरोबर निघाले, आणि एका भरधाव मोटरसायकलने त्यांना उडवले. जीव वाचला. उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला. तेव्हापासून आजोबा ओट्यावर काठी घेऊन बसतात आणि आजी एकटीच रस्ता ओलांडते.

त्या अपघातानंतर सगळी वस्ती पेटून उठली. समोरच्या टॉवरमधले सुधीरकाका, बँकेतून निवृत्त झालेले, सर्वांत पुढे. त्यांनी अर्ज लिहिला, घरोघरी फिरून सह्या घेतल्या, ठाण्याला खेटे घातले. आजीचा मुलगा कमलेश, ज्याला आपण पुढेमागे नगरसेवक होणार याची खात्री आहे, तो पोरांना घेऊन मोर्चात ओरडला. शेवटी तीसची पाटी लागली आणि आम्ही दोघे भाऊ खांबांवर चढलो.

मित्रांनो, ते पहिले काही महिने आठवले की अजूनही माझी काच ओलसर होते. गाड्या खरोखर हळू जायच्या. रिक्षावाले एकमेकांना सांगायचे, "इथे हळू घे रे, जोडीवाला कॅमेरा लावलाय." आजी ताट घेऊन निघायची, दोन्ही बाजूंना बघायची आणि निवांत पलीकडे जायची. ती परत आली की ओट्यावरून आजोबा विचारायचे, "आज येकदाच गेलीस गो?" आजी म्हणायची, "हां, येकदाच." हे ऐकण्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो. त्या दोन शब्दांत माझे सगळे कौतुक होते.

लोकांनी आपापल्या परीनेही कौतुक केले. खंडेनवमीला इथे गाड्या धुतात, त्यांची पूजा करतात. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आले की ज्याने गाड्यांना वळण लावले त्याचीही पूजा व्हायला हवी. सुधीरकाकांनी शिडी धरली, कमलेश वर चढला, आजीने खालून सांगितले तसे त्याने मला झेंडूचा हार घातला आणि हळद-कुंकवाची बोटे थेट माझ्या भिंगावर ओढली. पुढचे काही दिवस मला सारे जग लालपिवळे दिसत होते. नंबर एकही वाचता येईना. शेवटी सोनलताई आली आणि फडक्याने काच पुसत वैतागून म्हणाली, "अहो आजी, डोळ्याला कुंकू कोण लावतं?"

"ह्याचा कपाल कुठला नी डोला कुठला, मना काय म्हाईत?" आजी म्हणाली.

मी मनातल्या मनात हसलो. मला वाटले, माणसे चुकतात, पण प्रेमाने चुकतात. असे वाटण्याचे ते माझे शेवटचेच दिवस होते.

कारण मग लोकांच्या मोबाइलवर दंडाचे संदेश येऊ लागले. पहिला मान सुधीरकाकांना मिळाला. ते फोन हातात धरून माझ्याखाली उभे राहिले आणि मान वर करून मलाच विचारू लागले, "मला दंड? अहो, अर्जावर पहिली सही माझी आहे!" मी काय बोलणार? त्यांच्या गाडीलाही नंबर आहे आणि त्यांनाही दोन मिनिटे जास्त वाटतात. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितले की कॅमेरा मागितला होता तो बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी, आपण तर इथलेच आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे ऐकून मी थक्क झालो. रघूआजोबांना ज्याने उडवले, तोही दोन गल्ल्या सोडून इथलाच होता, हे ते इतक्यात विसरले. सगळ्यांत जास्त संदेश कुणाला येत होते ठाऊक आहे? कमलेशला. मोर्चात सर्वांत मोठा आवाज त्याचा, आणि त्याच्या काळ्या गाडीचा आवाज त्याहून मोठा.

आणि याच सुमारास गुणाजी आला. गुणाजी कोकणातला, गोड बोलणारा, हाताला चव असलेला माणूस. त्याची वडापावची गाडी आधी स्टेशनच्या तोंडाशी होती. आमचे गणित इथल्या लोकांपेक्षा त्याला आधी उमगले. दोन कॅमेऱ्यांमध्ये लागलेला वेळच मोजतात ना? मग मधला रस्ता हवा तसा तुडवा, शेवटच्या कॅमेऱ्याआधी थांबा, खा, प्या आणि सावकाश निघा. त्याने गाडी आणून लावली नेमकी माझ्या अलीकडे, गावदेवीच्या देवळासमोर, जिथे आजी रस्ता ओलांडते तिथेच. वर मोठी पाटी लावली: 'सरासरी वडापाव सेंटर. येथे वेगाची सरासरी कमी करून मिळेल.'

लोक त्या पाटीवर खूश झाले. तिचे फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. मग काय विचारता! वळणावरून गाड्या किंचाळत सुटायच्या आणि गुणाजीच्या दारात करकचून थांबायच्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी आणि मोटरसायकलींच्या रांगा.

"भाई, सरासरी बसली काय?"

"थांब, अजून एक कटिंग मारू, मग बसेल."

"बसा शेठ, दोन मिनिटं," गुणाजी म्हणायचा, "कॅमेरा काय पळून जातोय?"

रस्त्यात जेमतेम एक मिनिट वाचवायचे आणि इथे पाच मिनिटे गप्पा हाणायच्या. यांना घाई नक्की कशाची होती, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. आणि माझी अवस्था काय झाली असेल, याचा विचार करा. गाड्या माझ्यासमोरून हत्तीच्या चालीने, तोंड पुसत पुसत जायच्या. भावाकडून आलेली वेळ आणि माझी वेळ जुळवली की उत्तर यायचे: वीस, पंधरा, दहा. नियम पाळणारी वस्ती! माझ्या नोंदीत सगळे सज्जन. मी इथून स्वतः बघत होतो की हीच गाडी आत्ता सत्तरने आली आहे, पण मला बघण्याची परवानगी आहे, सांगण्याची नाही. मला फक्त सरासरी सांगता येते. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक पाय बर्फात असलेल्या माणसाला सरासरीने बरे वाटायला हवे, असे हे झाले. वर या रस्त्यावरची वाहतूक किती शिस्तीची झाली म्हणून एका कार्यक्रमात सुधीरकाकांना शाल आणि नारळ मिळाला. तो नारळ मला हाणावासा वाटला.

आजीची वात पुन्हा विझू लागली. आता तर थांबलेल्या मोटारींच्या फटीतून बाहेर डोकावल्याशिवाय तिला रस्ताच दिसत नसे, आणि रस्त्यावरच्यांना ती दिसत नसे. ओट्यावरून आजोबांनी विचारायचे सोडून दिले. तिला परत वळताना बघून ते काठीने नुसते जमिनीवर रेघा ओढायचे.

मग कमलेशचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवस माणसाचा असला तरी तो खांबांना साजरा करावा लागतो. 'कोपरचे धडाडीचे युवा नेतृत्व' असा भलामोठा फ्लेक्स माझ्या खांबावर चढला. त्यात हात जोडलेला, काळा चष्मा लावलेला कमलेश आणि खाली त्याच्या मित्रांचे बटाट्याएवढे चेहरे. तो फ्लेक्स बरोबर माझ्या तोंडावर बांधला होता. चुकून नव्हे. बांधणारी पोरे हसत होती, "दादा, आता वडापाव पण नको!" माझा भाऊ तिकडे बिचारा नंबर टिपून पाठवत राहिला. त्याला वाटले असेल, या रस्त्यावर शिरलेल्या गाड्या मध्येच कुठे गडप होतात.

सोनलताई तपासायला आली. खाली उभी राहून तिने कपाळाला हात लावला. कुणीतरी म्हणाले, मॅडम, काढून टाका ना. ती म्हणाली, "मी कॅमेरा बघते हो. फ्लेक्स माझ्याकडे येत नाही. काढला तर हे लोक मला सोडतील का?" ज्यांच्याकडे फ्लेक्स येतो, त्यांच्याकडे ही तक्रार अजून पोचते आहे. वाढदिवस होऊन गेला, महिना गेला, दुसरा गेला. धडाडीचे नेतृत्व उन्हाने फिके पडले, पण हलले नाही.

खाडीच्या वाऱ्याने एक बरे केले. फ्लेक्सला कमलेशच्या कानापाशी एक चीर पडली आणि तेवढ्या फटीतून मला खालचा रस्ता दिसू लागला. त्या फटीतून मी जे पाहिले ते सांगतो.

संध्याकाळ होती. गुणाजीकडे गर्दी होती. आजी दोन मोटारींच्या मध्ये ताट घेऊन उभी होती, तळहाताने वातीला आडोसा केलेला. तिची ती तिसरी खेप. रस्ता रिकामा वाटला म्हणून ती पुढे झाली आणि वळणावरून काळी गाडी आली. ब्रेकचा असा आवाज झाला की तव्यासमोरचा गुणाजीही ओरडला. गाडी थांबली तेव्हा तिचा पुढचा भाग आजीच्या लुगड्याला टेकला होता. ताट रस्त्यावर आपटून गरगर फिरत होते. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "ए म्हातारे, दिसत नाय काय? मरायचंय का इथं?"

मग दार उघडून कमलेश खाली उतरला, आणि समोर आपली आई उभी आहे हे त्याने पाहिले.

आजी रडली नाही. तिने आधी तेलाने भरलेले हात पदराला पुसले. मग माझ्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, "आंधली मी नाय रं. आंधला त्यो हाय, तुझे फ्लेक्सच्या मागं."

मला वाटले, आता तरी यांना अक्कल येईल. मित्रांनो, माणसांना अक्कल लगेच येत नाही. आधी त्यांना कल्पना येते. कमलेशने रातोरात फ्लेक्स उतरवला, हे खरे. पण आठ दिवसांत त्याने माझ्याच खांबाच्या पायथ्याशी, आजीच्या घराच्या बाजूला, टाइल्सचे एक चकचकीत देऊळ बांधले. आत गावदेवीची तसबीर, वर रंगीत दिवे आणि खाली कमलेशचे नाव. "आई, तुला आता पलीकडं जायलाच नको," तो म्हणाला. सुधीरकाका टाळ्या वाजवत म्हणाले, "उत्तम! प्रश्न कायमचा निकालात निघाला."

माझा संताप संताप झाला. गाड्या हळू करायला नकोत, म्हणून यांनी देवी हलवली! रस्त्यावरून जाणारे आता तसबिरीला नमस्कार करायला हँडलवरचा एक हात सोडायचे, वेग मात्र सोडायचे नाहीत.

आजीने ते देऊळ बघितले. टाइल्सवरून हात फिरवला, मुलाने एवढे केले म्हणून त्याच्या गालावरूनही फिरवला. मग म्हणाली, "देवी तिचे जाग्याव हाय. रस्ता मागशी आलाय. तिनी कशाला सरकाचा?" आणि ताट त्याच्या हातात दिले. "आज तू धर. गारी नको. पायांनी चल."

कमलेशला नाही म्हणता येईना. ताट धरून तो आईबरोबर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. स्वतःच्या पायांवर या रस्त्याच्या कडेला तो बहुधा कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता. पहिली मोटरसायकल त्याच्या खास मित्राची होती. मित्राने हात हलवला, पण वेग कमी केला नाही, आणि वात विझली. दोघे घरी गेले, पेटवून आले. दुसऱ्यांदा एका टेम्पोने विझवली. कमलेश शिव्या द्यायला लागला तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, "शिव्या नको देवू. पेटवून आण." तिसऱ्यांदा तो स्वतः धावत गेला आणि घामाघूम होऊन परतला. अखेर ते पलीकडे पोचले तेव्हा देवळाच्या पायरीवर तो डोके धरून बसला. आजीने ताट त्याच्या हातातून घेऊन वात देवीपुढे ठेवली.

काही दिवसांनी, संध्याकाळी, काळी गाडी वळणावरून आली. मी सवयीने डोळे ताणले. पण गाडी आवाज न करता, हळू आली. गुणाजीकडे तिने बघितलेही नाही. आजी जिथे ताट घेऊन उभी होती, तिच्या बऱ्याच अलीकडे ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागे भोंग्यांचा कल्लोळ सुरू झाला. कुणीतरी ओरडले, "ए भावा, चल ना!" कमलेशने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्यांना थांबवून धरले. तेवढ्या शांत रस्त्यातून आजी चालत गेली. तिने वातीवर तळहात धरला नव्हता.

मग ती गाडी माझ्यासमोरून गेली आणि मी तिचा हिशेब केला. आकडा आला बावीस. वडापाव खाऊन यायचा, तेव्हाही कमलेशचा आकडा हाच यायचा. माझ्या नोंदीत त्या दोन्ही संध्याकाळी सारख्याच. मित्रांनो, हे माझे दुःख आहे आणि याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. गुणाजीची गाडी तिथेच आहे, रांगा तिथेच आहेत, काल सुधीरकाका पुन्हा सत्तरने आले. सुधारली ती एक गाडी, आणि तेसुद्धा मला सिद्ध करता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात गाडी येईल. माझ्याकडे बघून हळू जाऊ नका. मला फसवणे सोपे आहे, आणि फसवल्याचे कौतुकही होते. रस्त्याच्या कडेला जो कोणी उभा असेल त्याच्याकडे बघा आणि त्याच्यासमोर हळू जा.

त्या संध्याकाळी आजी रिकामे ताट घेऊन परत आली. ओट्यावर काठीच्या रेघा थांबल्या. किती तरी महिन्यांनी आजोबांनी विचारले, "आज येकदाच गेलीस गो?"

"हां," आजी म्हणाली, "येकदाच."